नळाला रोग, नदीला मैला, काठाला फरशी

धरणाच्या भिंतीखाली राहणाऱ्यांना न गाळलेले पाणी पाजून इस्पितळात धाडण्याचा पराक्रम करायचा, तर त्याला पुणे महापालिकाच हवी. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, खडकवासला या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात धडधाकट माणसांचे पाय लुळे पडू लागले. आधी जुलाब, मग पायांत मुंग्या, मग जिना चढवेना, मग हात उचलवेना, आणि ज्यांचे दैव फारच फिरले त्यांना श्वासासाठी यंत्र. जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम, हे नाव तोवर डॉक्टरांपुरते होते; त्या महिन्यात ते भाजीवाल्याच्याही तोंडी आले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडते, आणि पुष्कळदा त्याची सुरुवात पोटातल्या जंतुसंसर्गातून होते. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. पुणे परिसरातील संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पलीकडे गेला. दहाहून अधिक संशयित मृत्यू या साथीच्या खाती पडले. रुग्णांतला सर्वात मोठा गट होता महापालिकेने नव्याने पोटात घेतलेल्या गावांतला.

ही गावे कुठल्या दुष्काळी माळावर आहेत? एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे धरण त्यांच्या उशाला आहे. पुण्याकडे जाणारा कालवा आणि बंद जलवाहिन्या त्यांच्या दारावरून जातात. ते पाणी पर्वतीच्या केंद्रात पोचते, गाळले जाते, शुद्ध होते आणि पेठांतल्या नळांना येते. दारातल्या नांदेडकरांसाठी मात्र वेगळी तजवीज होती. धरणाचे कच्चे पाणी एका मोठ्या विहिरीत घ्यायचे, त्यात क्लोरिन मिसळायचे आणि तसेच गावांत सोडायचे. जलशुद्धीकरण केंद्र नाही. एकाच धरणाचे पाणी, एकच महापालिका, करही त्याच महापालिकेचा. पण पेठेतल्या आतड्याला शुद्ध पाणी आणि नांदेडच्या आतड्याला क्लोरिनचा अंगारा! ज्या धरणाच्या फुगवट्याभोवती हॉटेले, रिसॉर्ट, फार्महाउस आणि कुक्कुटपालनाच्या शेडा वाढू दिल्या, त्याचे पाणी गाळल्याशिवाय पिण्याजोगे राहिलेले नाही हे कळायला कुठल्या केंद्रीय पथकाची गरज होती?

साथ आली तशी धावपळ झाली. विहिरीत क्लोरिन वाढले. पाण्याचे नमुने उचलले गेले. कोंबड्यांची तपासणी झाली. खासगी आरओ केंद्रांना टाळे लागले. नागरिकांना पाणी उकळून पिण्याचा सल्ला मिळाला. जो सल्ला आमच्या आज्या कोणतेही वेतन न घेता देत होत्या, तो देण्यासाठी महापालिकेला शेकडो कुटुंबांचा घोर पाहावा लागला. आणि मग साथ ओसरली, तशी चर्चाही ओसरली. या लोकांना शुद्धीकरणाविना पाणी द्यायचे ठरवले कोणी? ते तसे चालू ठेवण्याच्या कागदावर सही कोणाची? एवढा साधा प्रश्न. त्याचे उत्तर म्हणून एक नाव तरी पुणेकरांना सांगण्यात आले काय?

नाव सांगता येणार नाही, कारण गुन्हा एका माणसाचा नाही, एका पद्धतीचा आहे. ती पद्धत अशी : आधी इमारत, मग माणसे, मग मत, मग कर, आणि सर्वांच्या शेवटी, जमले तर, पाणी. मैलावाहिनीचा तर या यादीत क्रमांकच नाही. पुण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची सगळी दुर्दशा या उफराट्या क्रमातून आली आहे. पाणी कमी आहे म्हणून नव्हे, पैसा नाही म्हणून नव्हे, तंत्रज्ञान नाही म्हणून तर मुळीच नव्हे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली आणि क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून पुणे राज्यातील सर्वात मोठी महापालिका झाली. काय तो अभिमान! काय ते फलक! पण नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी त्या रेघेच्या आत किती जलवाहिन्या आहेत, किती टाक्या आहेत, मैला कुठल्या नाल्यात पडतो, याचा हिशेब मांडला होता काय? उलट, त्या २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार राज्य सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले. म्हणजे बांधकामाची परवानगी एकाने द्यायची, विकासशुल्क त्यानेच घ्यायचे, आणि राहायला आलेल्या माणसाला पाणी द्यायची जबाबदारी मात्र दुसऱ्याची. जेवायला एक, हात धुवायला दुसरा आणि उष्टी काढायला तिसरा, अशी ही पंगत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६३ पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही महापालिकेची आवश्यक कर्तव्ये मानते. ऐच्छिक नव्हे, आवश्यक. सरकारने कर्तव्य एका हाती आणि तिजोरी दुसऱ्या हाती ठेवली आणि दोघांचे भांडण मिटेपर्यंत लोकांनी टँकर मागवावा अशी सोय करून दिली.

टँकरचा हा धंदा चालतो कसा, ते बाणेर, बालेवाडी, वाघोली, मांजरी, आंबेगावच्या सोसायट्यांना विचारा. तिथे बांधकामाला परवानगी देताना विकासकाकडून हमीपत्र घेतले जाते, की महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. कागद फायलीला लागला, परवानगी हातात पडली, सदनिका विकल्या गेल्या. पुढे सोसायटी हस्तांतरित झाली की विकासक नव्या प्रकल्पाकडे वळतो आणि हमीपत्र त्या फायलीतच वाळवी खात पडते. मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत देखभाल खर्चाच्या वर टँकरचा खर्च मांडला जातो, दरमहा माणसे एकमेकांवर ओरडतात, आणि ज्याने हे हमीपत्र हमी म्हणून स्वीकारले तो अधिकारी बढती घेऊन निवृत्तही झालेला असतो. ज्या ठिकाणी पाणी देता येत नाही हे महापालिकेला ठाऊक आहे, त्याच ठिकाणी ती शेकडो घरांना राहण्याचा दाखला देते. आम्ही याला नियोजनातील त्रुटी म्हणणार नाही. ही उघड उघड फसवणूक आहे आणि तिच्यावर शासकीय शिक्का आहे.

आणि पाणी नाही म्हणावे, तर ते आहे! खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात. हे पाणी एकट्या पुण्याचे नाही. हवेली, दौंड, इंदापूरच्या शेताचाही त्यावर हक्क आहे. पुण्याला ११.५ टीएमसी पाण्याचा करार होता. शहर उचलते त्याहून कितीतरी अधिक, आणि जलसंपदा खाते व महापालिका यांच्यात दरवर्षी थकबाकीचा आणि जादा वापराचा तोच तमाशा होतो. माणशी १३५ लिटरचा निकष लावला तर उचललेल्या पाण्यात सगळे शहर सुखाने नांदावे. मग जाते कुठे? महापालिकाच कबूल करते की सुमारे ४० टक्के पाणी गळते. शंभर घागरींतल्या चाळीस! काही जुन्या, कुजलेल्या वाहिन्यांतून जमिनीत, काही बेकायदा जोडांतून कोणाच्या तरी टाकीत. कुठले किती, हे मोजायला मीटर नाहीत, आणि मीटर बसवायला गेले की प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता रस्त्यात आडवा. ज्या शहरात विजेचा, गॅसचा आणि मोबाइलचा वापर मोजून घेणे लोकांना मान्य आहे, तिथे पाणी मोजणे म्हणजे अन्याय! यात पुणेकरांचाही दोष आहे, तो आम्ही झाकणार नाही. नळाला थेट मोटार लावून शेजाऱ्याचे पाणी ओढणारा आणि सकाळी नळीने गाडी धुणारा पुणेकर टँकरमाफियाला शिव्या देतो, तेव्हा त्याने एकदा आरशात पाहावे.

ही गळती थांबवायला समान पाणीपुरवठा योजना आली. लोक तिला चोवीस तास पाणी म्हणू लागले, कारण राजकारण्यांनी तेच सांगितले होते. शहराचे १४१ विभाग करायचे, ८२ टाक्या बांधायच्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक वाहिन्या बदलायच्या, घरोघरी मीटर बसवायचे. आराखडा म्हणून उत्तम. जून २०१७ मध्ये महापालिकेने या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली, टाळ्या पडल्या, पुणे देशाला दिशा दाखवते अशी भाषणे झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच योजनेच्या चढ्या दराच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. म्हणजे कर्ज घेतले, व्याज सुरू झाले आणि काम मात्र कागदावर! घर बांधायला कर्ज काढणारा कारकूनदेखील आधी ठेकेदाराशी दर ठरवतो. योजनेच्या नावाने पाणीपट्टी वाढवली गेली. ती वाढ चोख वसूल झाली. पाच वर्षांचे काम मुदतवाढीवर मुदतवाढ घेत गेले. जागेचा ताबा नाही, रेल्वेची परवानगी नाही, कालव्याच्या कडेने वाहिनी नेऊ देत नाहीत, रस्ता नुकताच डांबरी केलाय म्हणून खोदू नका, आणि नगरसेवकांचा आग्रह की टाकी माझ्या प्रभागात नको, पाणी मात्र हवे. काही टाक्या उभ्या राहिल्या. पुणेकराच्या नळाला मात्र अजून तीच जुनी सूचना : गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने.

हा झाला येणाऱ्या पाण्याचा हिशेब. जाणाऱ्या पाण्याचा याहून काळा आहे.

शहरात घरोघरी आलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, हे अभियांत्रिकीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पुणे वर्षाला १८ टीएमसी पाणी उचलते असे धरले, आणि उचल त्याहून कमी नाही, तर दिवसाला जवळजवळ १,४०० दशलक्ष लिटर पाणी येते. गळती वजा करा, हवे तर उदारपणे करा; तरी शेकडो दशलक्ष लिटर मैलापाणी रोज तयार होते. दहा वर्षांपूर्वीच्या नदी सुधारणा प्रकल्पाच्या कागदांत रोज ७४४ दशलक्ष लिटर सांडपाणी आणि ४७७ दशलक्ष लिटर शुद्धीकरण क्षमता अशी कबुली होती. उरलेले? मुठेत. वाढत्या लोकसंख्येसकट ही तूट भरून काढायला ११ नवी केंद्रे, ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, असा आराखडा झाला. जपानच्या जायका संस्थेचे कर्ज, केंद्राचा ८५ टक्के वाटा, महापालिकेचा फक्त १५ टक्के. जानेवारी २०१६ मध्ये करार झाला. एकूण खर्च ९९० कोटी. मुदत जानेवारी २०२२.

जानेवारी २०२२ उजाडला तेव्हा अकरांपैकी किती केंद्रे चालू झाली होती? एकही नाही. कामाचे आदेशच त्या वर्षी निघाले. मधली सहा वर्षे सल्लागार नेमणे, निविदा काढणे, बोली चढ्या आल्या म्हणून त्या रद्द करणे, पुन्हा काढणे आणि जागेसाठी पत्रव्यवहार करणे यांत गेली. परका देश नाममात्र व्याजाने पैसा देतो, केंद्र सरकार शंभरातले पंच्याऐंशी रुपये उचलते, आणि तरी ज्या महापालिकेला सहा वर्षांत एक खड्डा खणता येत नाही, तिला स्मार्ट शहराचे बिरुद लावणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला आमचा साष्टांग नमस्कार. यातली खरी मेख पुढेच आहे. ते ३९६ दशलक्ष लिटरचे गणित जुन्या हद्दीचे होते. मधल्या काळात ३४ गावे आत आली. तेव्हा ही अकराही केंद्रे उद्या सकाळी पूर्ण क्षमतेने धडधडू लागली तरी एकूण क्षमता ८७३ होते, आणि वाघोली-धायरी-मांजरीचा मैला त्या हिशेबात नाहीच. त्यांच्यासाठी वेगळे आराखडे, वेगळे सल्लागार, वेगळा निधी, वेगळी मुदत. शिवाय जुनी केंद्रे ज्या निकषांवर बांधली ते निकष मागे पडले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्यातील बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत उतरवायला सांगितले; जुनी केंद्रे ढोबळपणे त्याच्या तिप्पट मर्यादेच्या जमान्यातली. केंद्र बांधले म्हणजे मैला आपोआप तिथे चालत जात नाही, हेही कोणी तरी कळवायला हवे. घरापासून नाल्याच्या कडेने मुख्य मैलावाहिनी हवी, उपसा केंद्र हवे, वीज हवी, वीज गेली तर जनित्र हवे. यातला एक दुवा तुटला की सगळा मैला वाट काढतो ती सर्वात जवळच्या नाल्याची.

आणि नाला जातो नदीला. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या संडासांतून निघालेले ते पाणी कमी-जास्त पातळ होऊन सोलापूरकरांच्या हंड्यात पडते, आणि तेही रोज नव्हे, काही दिवसांआड! उजनीच्या फुगवट्यावर हिरवा तवंग आणि जलपर्णी पाहून पर्यटक नाक मुरडतात. त्या काठच्या मच्छीमाराला आणि शेतकऱ्याला नाक मुरडून कुठे जाता येते? आषाढीला लाखो वारकरी पंढरपुरात ज्या चंद्रभागेत उतरतात ती हीच भीमा. वर आळंदीला इंद्रायणीवर साबणासारखा फेस तरंगतो आणि त्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. वारीच्या स्वागताला कमानी उभारणारे, पालखीवर पुष्पवृष्टी करणारे, फुगडी खेळतानाची छायाचित्रे काढून घेणारे पुण्याचे पुढारी वारकऱ्याच्या तीर्थात काय सोडतात, हे एकदा त्यांनी आरतीच्या तबकात घालून पाहावे. विठ्ठलाच्या नावाने मते मागता आणि त्याच्या नदीत मैला ओतता! खालच्या गावांनी याबद्दल पुण्यावर मोर्चा आणला तर आम्ही त्यांच्या बाजूने लिहू.

शेतकऱ्याशीही हाच व्यवहार. शहराला धरणातून जादा पाणी देताना वर्षाला ६.५ टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे अशी अट होती. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली, पाणी उपसून बेबी कालव्यात सोडण्याची सोय झाली. कालव्यातून काय वाहते, ते हडपसरच्या पुढे जाऊन त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा. वास घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दौंडच्या शेतकऱ्याने धरणाचे निर्मळ पाणी सोडले आणि बदल्यात हे घेतले.

या यंत्रणेचा तळ गाठायचा तर जमिनीखाली जावे लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीत एका गृहसंकुलाच्या सेप्टिक टँकमध्ये उतरलेले मजूर गुदमरून मेले. हाताने मैला साफ करवून घेणे गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ पासून अस्तित्वात आहे. पण जिथे मैलावाहिनीच नाही तिथे सेप्टिक टँक आलेच, आणि टँक तुंबला की दोन-पाचशे रुपयांसाठी त्यात उतरणारा माणूसही आला. मैलावाहिनी न टाकता इमारतीला परवानगी देणाऱ्याची सही त्या मजुराच्या मृत्यूच्या दाखल्यावरही असली पाहिजे. हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही.

एवढे सगळे उघडे-नागडे असताना महापालिकेला सुचले काय? नदीकाठ सुधारणा! ४४ किलोमीटरचा काठ, ४,७२७ कोटींचा अंदाज, साबरमतीच्या धर्तीवर घाट, फिरायला वाटा, बसायला बाकडी, फोटो काढायला जागा. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ज्या कोनशिला बसल्या त्यांत काठाची सुधारणाही होती आणि सांडपाणी केंद्रेही. दोन्हींचा मुहूर्त एकच. बंडगार्डनच्या बाजूला दगडी घाट भराभर दिसू लागले, कारण ते दिसतात. केंद्राची टाकी आणि तिला जोडणारी मैलावाहिनी दिसत नाही. साबरमतीचे नाव घेणाऱ्यांना हेही ठाऊक असावे की तिथे शहराच्या भागात दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडलेले आहे. मुठेत कोणत्या नर्मदेचे पाणी आणणार? धरणाचे दरवाजे उघडतील तेवढे दिवस पुराचे, आणि उरलेले वर्षभर गटाराचे, असा जिचा प्रवाह उरला आहे त्या नदीच्या काठाला फरशी बसवणे म्हणजे सडलेल्या दाताला सोन्याचे टोपण. काठ आत ओढून नदीचे पात्र आवळले जाते की नाही, पुराची पातळी किती वाढते, यावर जाणकारांनी वर्षानुवर्षे आक्षेप घेतले, न्यायालयांचे उंबरे झिजवले. कारभारी त्यांना विकासविरोधी ठरवून मोकळे झाले.

पुराचे नाव निघालेच आहे. १२ जुलै १९६१ चे पानशेत पुण्याच्या कोणत्याही जुन्या घरात सांगितले जाते. तो धरण फुटल्याचा प्रलय होता. त्यानंतरचे प्रलय आपण हाताने घडवले. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळच्या गरिबांच्या झोपड्या वाहून गेल्या आणि मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवले. खेकडे बिचारे खुलासा देऊ शकले नाहीत. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढा फुगला. कात्रज, अरण्येश्वर, सहकारनगरच्या वस्त्यांत पाणी घुसले, पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. ओढा कोणी आवळला? त्याच्या अंगावर भिंती आणि रस्ते कोणी चढवले? जुलै २०२४ मध्ये धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतले लोक पहाटे गुडघाभर, मग कमरेइतक्या पाण्यात उठले. नदीच्या निळ्या पूररेषेत घरे होती, हे पाणी घरात शिरल्यावर सर्वांना आठवले.

याच शहराला अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून पाणी आणले होते. वाटेत गाळ बसायला हौद, दाब सुटायला उच्छ्वास, आणि पेठांतून सार्वजनिक हौद. उताराच्या जोरावर, एकही पंप न लावता. तो काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ते पाणी कोणाला भरू दिले जात होते आणि कोणाला नाही, ते आम्ही विसरलेलो नाही. पण वस्ती वसवायची तर आधी पाण्याची वाट आखायची, एवढी अक्कल त्या कारभाऱ्यांना होती. उपग्रहाची छायाचित्रे, संगणक आणि कोट्यवधींचे सल्लागार दिमतीला असून आजच्या कारभाऱ्यांना ती नाही.

जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्नही मोठा चलाखीने नाहीसा केला गेला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ पुण्याचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जीबीएसची साथ आली तेव्हा पुण्याला निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. स्थायी समिती नव्हती, सर्वसाधारण सभा नव्हती, पाण्याबद्दल उभे राहून ओरडणारा विरोधी पक्षनेता नव्हता. एवढे लाखोंच्या वस्तीचे शहर आणि त्याचे अंदाजपत्रक एका खोलीत मंजूर होत होते. ज्यांनी निवडणुका लांबवल्या, त्यांनी पुणेकरांचा हक्क लांबवला. अर्थात नगरसेवक असतानाचा इतिहासही काही आरती ओवाळण्याजोगा नाही. प्रभागाचा निधी कशावर गेला ते रस्त्यारस्त्यावर दिसते : स्वागतकमानी, आपल्या नावाची बाकडी, चांगल्या पदपथाच्या फरशा उखडून बसवलेल्या नव्या फरशा. मैलावाहिनीवर नगरसेवकाचे नाव रंगवता येत नाही, हीच तिची अडचण.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांच्यासाठी नवा कायदा लागत नाही. जिथे महापालिकेचे शुद्ध पाणी आणि केंद्रापर्यंत जाणारी मैलावाहिनी पोचलेली नाही, तिथे आजपासून एकाही नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. हमीपत्रांचा बाजार बंद करा. बिल्डरांना कळ लागू द्या. त्यांच्या कळवळण्याने सहा महिन्यांत ज्या वाहिन्या पडतील त्या जनतेच्या आक्रोशाने सहा वर्षांत पडत नाहीत, हा आजवरचा अनुभव आहे. खडकवासल्याच्या खालच्या गावांना शुद्धीकरण केंद्राचे पाणी मिळेपर्यंत त्यांच्याकडून पाण्याचा एक पैसा घेऊ नका. प्रत्येक सांडपाणी केंद्रात काल किती मैला आला, किती शुद्ध झाला, किती थेट नदीत सोडला आणि किती तास वीज नव्हती, हा आकडा रोज जाहीर करा. तो न देणाऱ्या अभियंत्याचा पगार रोखा. तो आकडा पर्यावरण अहवालात वर्षातून एकदा छापून चालणार नाही. आणि नदीकाठाच्या कामावरचा उरलेला पैसा शेवटच्या नाल्याचा मैला केंद्रात वळेपर्यंत मैलावाहिन्यांकडे वळवा. काठाच्या घाटावर बसून लोकांनी काय पाहायचे आहे, ते आधी स्वच्छ करा.

वाचकहो, तुमच्याही हाती एक हत्यार आहे आणि ते तुम्ही वापरत नाही. मत मागायला जो कोणी तुमच्या सोसायटीत, चाळीत, वस्तीत येईल, त्याला रस्त्याबद्दल, उद्यानाबद्दल, मेट्रोबद्दल काही विचारू नका. त्याला एवढेच विचारा : आमच्या घरातले पाणी कुठल्या केंद्रात शुद्ध होऊन येते, आणि आमचा मैला कुठल्या केंद्रात जातो? केंद्राचे नाव सांगता आले नाही, तर त्याच्या पत्रकासकट त्याला बाहेर काढा आणि दार लावून घ्या.